चाकांवरचं घर बोटीवर चढतं तेव्हा

ब्रिटनहून कायमचं ऑस्ट्रेलियात जाणारी काही कुटुंबं मोटारीबरोबर कॅरॅव्हानही नेतात. मोटार कंटेनरमध्ये मावते. कॅरॅव्हानचं घोडं उंचीपाशी अडतं. साध्या कंटेनरचं दार जेमतेम 2.28 मीटर उंच, तर अनेक कॅरॅव्हान अडीच मीटरच्या आसपास. मग उरते ‘रो-रो’ बोट: वाहन चाकांवरच आत न्यायचं आणि पट्ट्यांनी जखडायचं. भाडं बहुधा घनमीटरवर ठरतं, त्यामुळे आतल्या रिकाम्या जागेचेही पैसे पडतात.

खरी कसोटी कागदपत्रांची.

वाहन बोटीवर चढवण्यापूर्वीच ऑस्ट्रेलियाची आयात-परवानगी हवी. स्वतःची मोटार वैयक्तिक सवलतीतून न्यायची, तर ती परदेशात किमान 12 महिने मालकीची आणि वापरातली असावी लागते. जुन्या गाड्यांच्या ब्रेकमध्ये किंवा गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. त्याच्या आयातीवर 31 डिसेंबर 2003 पासून बंदी आहे. चाकांच्या कमानीत माती, बिया वा किडे सापडले, तर बंदरावरची धुलाई मालकाच्या खर्चाने होते. वर 10 टक्के जीएसटी. कॅरॅव्हानमधली गॅसची शेगडी आणि जोडणीही तिथल्या नियमांत बसवावी लागते. हा सगळा हिशेब मांडल्यावर अनेकजण कॅरॅव्हान ब्रिटनमध्येच विकून टाकतात.