उपवास : कोणाला मानवतो, कोणाला नाही



आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो. मग श्रावणी सोमवार, हरतालिका, नवरात्र अशी रांगच असते. असोदा-भादली भागात या दिवसांत कोणाचाच उपास नाही, असे घर सापडणे कठीण. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. पण उपासाने शरीरात काय घडते, हे प्रत्येकाने समजून घ्यावे.

दाखला उसाचाच घेऊ. तोडणीपूर्वी साधारण १५ दिवस आपण पाणी बंद करतो. वाढ थांबते, कांड्यात साखर भरते, उतारा चांगला मिळतो. पण हाच ताण फुटवे येताना किंवा जोमदार वाढीत बसला, तर टनेज गेलेच म्हणून समजा. ताण तोच, अवस्था निराळी. माणसाचेही तसेच आहे.

पोटात अन्न गेले नाही की शरीर आधी यकृतातली साठवण वापरते. ती १२ ते २४ तास पुरते. पुढे चरबी जास्त जळू लागते. त्यामुळे धडधाकट पण वजन वाढलेल्या माणसाने बेताने उपास केला, तर वजन थोडे उतरते, रक्तातली साखर आणि रक्तदाब सुधारायला मदत होते. मात्र रोजच्या जेवणात तेवढीच काटकसर केली, तरी फायदा जवळपास सारखाच होतो, असे चाचण्यांत दिसून आले आहे.

उपाशी पेशी आपल्यातलाच निकामी भाग मोडून पुन्हा वापरते. ही क्रिया उलगडून दाखवल्याबद्दल जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्यांचे प्रयोग यीस्टवर होते. मळीपासून अल्कोहोल करताना वापरतात तेच हे यीस्ट. तेवढ्यावरून उपासाने माणसाचे मोठे आजार बरे होतात, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये.

आता आपला उपास पाहा. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण उगीच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिने नावालाच. त्यात तूप, बटाटा आणि वर गोड चहा. अशाने साखर उतरायची सोडून चढते. त्यापेक्षा राजगिरा, शेंगदाणे, दूध, ताक आणि फळे बरी.

भगरीचीही काळजी घ्या. २० फेब्रुवारी २०२४ रोजी, एकादशीच्या दिवशी, शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातील सोमठाणा येथे भगर-आमटीचा प्रसाद खाल्ल्यावर शेकडो लोकांना उलट्या-जुलाब झाले. दोरीला सलाईन टांगून उघड्यावर उपचार करावे लागले. दमट हवेत भगरीला बुरशी लागते व त्यातून विष तयार होते. म्हणून भगर पाकीटबंद, तारीख पाहूनच घ्यावी. सुटे पीठ आणू नये, भगर निवडून-धुऊन शिजवावी आणि शिळी खाऊ नये.

खरा धोका मधुमेहींना आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेतली आणि जेवण टाळले, तर साखर एकदम खाली येते. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, बोलणे असंबद्ध होते, माणूस बेशुद्धही पडतो. साखर ७० च्या खाली गेली किंवा अशी लक्षणे दिसली, की लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये. थेट दवाखान्यात न्यावे. आणि हो, उपास आहे म्हणून गोळी आपल्या मनाने बंदही करू नका. डोस किती, केव्हा, हे डॉक्टरांना आधी विचारा.

गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बाया, मूत्रपिंडाचा किंवा अल्सरचा आजार असलेले, लहान मुले आणि थकलेली म्हातारी माणसे यांनी कडक उपास करू नये. ज्येष्ठातली निर्जला एकादशी तर आपल्या खान्देशच्या उन्हात येते. त्या दिवशी बांधणीला किंवा पाणी भरायला उन्हात राबणाऱ्याने पाणी सोडणे म्हणजे उष्माघाताला बोलावणेच.

पाणी, फळ, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही, असे शास्त्रातही सांगितलेले आहे. तेव्हा घरातल्या आजारी माणसाला, विशेषतः न बोलता उपास ओढणाऱ्या आई-आजीला, हे समजावून सांगा. पाण्याची पाळी आपण पीक बघून ठरवतो, तसा उपास प्रकृती बघून ठरवावा.

– ऊस विकास अधिकारी