आंबे ‘ऑन’, पोपट ‘इन’

झाडावर आंबे लागलेत आणि झाडावरच पोपट बसलाय. मराठीत दोघांचं काम एका ‘वर’ने भागतं. इंग्रजीत मात्र आंबे ‘ऑन द ट्री’ आणि पोपट ‘इन द ट्री’! झाड एकच, मग हा भेद कशासाठी? आंबा फांदीला धरून लोंबतोय, म्हणून ‘ऑन’. पोपट पानाफांद्यांच्या घेरात शिरून बसलाय, म्हणून ‘इन’. म्हणजे झाड आपण कसं पाहतो, हेच ते दोन अक्षरांचं शब्दरत्न सांगून जातं.

‘ऑन म्हणजे वर’ हे आपण शाळेत घोकलेलं. पण छताला चिकटलेली पाल पाहा. ती छताच्या खाली असते, तरी इंग्रजीत ‘ऑन द सीलिंग’च! ‘ऑन’ला उंचीशी देणंघेणं नाही, त्याला हवा स्पर्श आणि आधार. आपण इथे ‘छताला’ म्हणतो. ‘छतावर’ म्हटलं, तर पाल थेट गच्चीत पोचायची.

‘ॲट’ची नजर आणखी वेगळी. त्याला जागेची लांबी-रुंदी दिसतच नाही, दिसतो फक्त ठिपका. पुण्याहून मुंबईकडे निघालेली गाडी ‘ॲट लोणावळा’ थांबते, पण तिथे घर असलेला माणूस ‘इन लोणावळा’ राहतो. गंमत म्हणजे मराठीही हेच करते: गाडी लोणावळ्याला थांबते, माणूस लोणावळ्यात राहतो.

काळालाही हीच मापं लागतात. घड्याळातला क्षण ‘ॲट फाइव्ह’, दिवस ‘ऑन मंडे’, महिना ‘इन जुलै’. मात्र सकाळ ‘इन द मॉर्निंग’ असताना रात्र ‘ॲट नाइट’ का, याला नियम पुरत नाही. तिथे कानाला सवयच लावावी लागते. शनिवार-रविवारच्या सुट्टीवर तर खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांचंही एकमत नाही: ब्रिटिश ‘ॲट द वीकएंड’ म्हणतात, अमेरिकन ‘ऑन द वीकएंड’.

कधी या शब्दांतून माणसाची नियतही कळते. चेंडू ‘टू मी’ फेकला, तर मी तो झेलावा अशी इच्छा असते. ‘ॲट मी’ फेकला, तर नेम माझ्यावरच धरलेला!

सगळ्यांत नवल ‘विथ’चं. आज तो सोबतीचा शब्द, पण जुन्या इंग्रजीत त्याचा मुख्य अर्थ होता ‘विरुद्ध’. सोबतीसाठी तेव्हा ‘मिड’ होता, जर्मनमधल्या ‘मिट’चा भाऊबंद. ‘मिड’ मागे पडला आणि त्याची जागा ‘विथ’ने घेतली. जुना विरोध मात्र ‘विथस्टँड’मध्ये, म्हणजे एखाद्या गोष्टीपुढे टिकाव धरण्यात, अजून शिल्लक आहे. म्हणूनच ‘फाइट विथ’ वाचलं की समोरचा शत्रू की साथीदार, हे मागचंपुढचं वाचून ठरवावं लागतं. अर्थात आपल्याला हसायला जागा नाही: ज्या शेजाऱ्याशी भांडायचं, त्याच शेजाऱ्याशी गप्पाही मारायच्या, आणि दोन्हींना आपला ‘शी’ एकच!