विजेची सायकल : बांधावी की विकत घ्यावी?

कोल्हापूर जिल्ह्यात डेअरीवर दूध घालणे, मळ्यावर जाणे ही कामे आजही पुष्कळ शेतकरी सायकलीवरून करतात. तीस विजेची मोटार जोडल्यास चढावरचे श्रम वाचतात. मात्र जुन्या सायकलीस मोटार बसवावी की तयार सायकल घ्यावी, हे प्रथम सांगाडा पाहून ठरवावे.

वीस लिटर दुधाचे वजनच २० किलोंहून अधिक भरते. मोटार व बॅटरीचा भार निराळा. चिमटा गंजलेला किंवा ब्रेक ढिले असल्यास तयार सायकलच घ्यावी. सांगाडा भक्कम असल्यास सुटा संच कुशल मिस्त्रीकडून बसवून घेता येतो. शिवाजी उद्यमनगरामुळे कोल्हापुरास अशा कारागिरांची वाण नाही.

बॅटरी मात्र सुटे सेल जोडून घरी कधीही करू नये. जोडणी चुकल्यास ती पेट घेते. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३६० वॅट-तास वीज साठते. २४० वॅटची मोटार पूर्ण भाराने तीवर फार तर दीड तास चालते. रोजचे अंतर त्यावरून मोजावे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये मोटार २५० वॅटांहून कमी, वेग ताशी २५ किलोमीटरांहून कमी, बॅटरीविना वजन ६० किलोंपर्यंत आणि चाचणी संस्थेची मान्यता असल्यास नोंदणी लागत नाही. घरी बांधलेल्या सायकलीस ही मान्यता आपोआप मिळत नाही. म्हणून पैसे गुंतविण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करण्याचा सल्ला ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांस अवश्य द्यावा.