गाडी पाण्यात बुडाली? सेल्फ मारू नका!

नागपूरकरांनो, २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवते ना? अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं आणि पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या बुडाल्या.

अशा वेळी इंजिनचं सगळ्यात महागडं नुकसान अनेकदा पाणी ओसरल्यावर, सेल्फ मारल्यावर होतं. एअर इनटेकमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरलेलं असतं. पिस्टन हवा दाबू शकतो, पाणी दाबलं जात नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी इंजिन ब्लॉकही फुटतो. यालाच हायड्रोलॉक म्हणतात.

म्हणून हे लक्षात ठेवा:

🔹 बुडालेली गाडी स्टार्ट करून बघू नका. धक्का स्टार्टही नको.
🔹 आधी फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, मग टो करून वर्कशॉपला न्या.
🔹 एअर फिल्टर आणि इंजिन ऑइल तपासून घ्या. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय.
🔹 इलेक्ट्रिक गाडी असेल तर स्वतः काहीही उघडू नका.
🔹 नरेंद्र नगरसारख्या अंडरपासमध्ये पाणी साचलं असेल तर गाडी घालूच नका, वळून दुसऱ्या रस्त्याने जा.

विम्याचंही बघा. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत पुराने झालेलं तुमच्या गाडीचं नुकसान भरून मिळत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह घ्या. त्यातही हायड्रोलॉकसाठी बहुधा ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे ॲड-ऑन वेगळं घ्यावं लागतं. पावसाळ्याआधी आपली पॉलिसी काढून एकदा नक्की वाचा!