युद्धविस्थापितांची सेवा आणि सर्वसामान्यांचा सहभाग : १९७१ च्या निर्वासित प्रश्नाच्या संदर्भात

प्रस्तावना :
युद्धामुळे विस्थापित झालेल्यांच्या मदतीचा विचार करताना शासन व आंतरराष्ट्रीय संस्था यांच्या कार्याची नोंद प्रामुख्याने घेतली जाते. परंतु संकटाच्या प्रारंभी निर्वासितांच्या सर्वांत निकट असतात ती त्या परिसरातील सामान्य माणसे आणि स्वतः निर्वासितच. त्यांचा सेवाभाव परिणामकारक केव्हा ठरतो, या प्रश्नाचे विवेचन प्रस्तुत लेखात बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळातील दोन उदाहरणांच्या आधारे केले आहे.

प्रश्नाची व्याप्ती :
२५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी सैन्याने पूर्व पाकिस्तानात लष्करी कारवाई सुरू केली आणि निर्वासितांचे लोंढे भारतात येऊ लागले. वर्षअखेरपर्यंत त्यांची संख्या सुमारे ९९ लाखांवर पोहोचली. त्यांपैकी सुमारे ६८ लाख लोक छावण्यांत, तर सुमारे ३१ लाख लोक आप्त, परिचित व स्थानिक कुटुंबे यांच्या आश्रयाने राहिले. म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश निर्वासितांचा भार सामान्य घरांनी उचलला. त्रिपुराची स्वतःची लोकसंख्या तेव्हा सुमारे साडेपंधरा लाख होती आणि तेथे आलेले निर्वासित सुमारे १४ लाख होते. निवारा देणे हे या सेवेचे पहिले रूप होय. मात्र रोगराई पसरली तेव्हा केवळ निवारा पुरेसा नव्हता.

बनगाव येथील प्रयोग :
दाट वस्ती, दूषित पाणी व पावसाळा यांमुळे छावण्यांत पटकीची साथ फैलावली. पटकीत शरीरातील पाणी व क्षार वेगाने निघून जातात आणि काही तासांतच रुग्ण दगावू शकतो. त्या काळी शिरेवाटे सलाईन देणे हा रूढ उपचार होता. त्यासाठी निर्जंतुक द्रव, साधने आणि प्रशिक्षित हात लागत. पश्चिम बंगालमधील सीमेलगतच्या बनगाव येथील रुग्णालयात या तिन्हींचा तुटवडा होता. तेथे खाटा अपुऱ्या पडल्याने रुग्ण जमिनीवर पडून असत.

जून १९७१ मध्ये तेथे गेलेले डॉ. दिलीप महालनबीस यांनी तोंडावाटे क्षारद्रावण देण्याचा निर्णय घेतला. ग्लुकोजच्या साहाय्याने आतड्यात सोडियम व त्यासोबत पाणी शोषले जाते, हे शास्त्रीय तत्त्व तोपर्यंत ज्ञात झाले होते आणि ढाका येथे त्यावर आधारित उपचारही यशस्वी ठरला होता. तथापि रुग्णालयीन देखरेखीविना, अप्रशिक्षित व्यक्तींच्या हातून तो यशस्वी होईल, याची खात्री वैद्यकविश्वाला नव्हती. महालनबीस यांनी एक लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे साधे प्रमाण ठरविले. कोलकात्यात मिश्रणाच्या पिशव्या तयार करण्यात आल्या आणि द्रावणाने भरलेली पिंपे रुग्णांजवळ ठेवण्यात आली. रुग्णांना द्रावण पाजण्याचे काम प्रामुख्याने त्यांच्या नातेवाइकांनी केले. अत्यवस्थ रुग्णांना सलाईन द्यावेच लागे. परंतु इतरांना तोंडावाटे उपचार मिळू लागल्याने सलाईनचा मर्यादित साठा त्यांच्यासाठी उरला. छावण्यांत पटकीच्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्के असताना या केंद्रात ते ३.६ टक्क्यांपर्यंत खाली आले. ही नियंत्रित चाचणी नव्हती. तरीही या अनुभवामुळे पुढे जगभर मान्यता पावलेल्या व महाराष्ट्रात 'जलसंजीवनी' म्हणून परिचित असलेल्या उपचाराला बळ मिळाले.

त्रिपुरातील रुग्णालय :
दुसरे उदाहरण त्रिपुरातील 'बांगलादेश फील्ड हॉस्पिटल'चे आहे. इंग्लंडमधील शिक्षण सोडून आलेले डॉ. जफरुल्ला चौधुरी व डॉ. एम. ए. मोबिन यांनी उभारलेल्या या ४८० खाटांच्या रुग्णालयात प्रशिक्षित परिचारिका पुरेशा नव्हत्या. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या तरुणींना अल्पावधीत शुश्रूषेचे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडे काम सोपविण्यात आले. युद्धानंतर १९७२ मध्ये स्थापन झालेल्या 'गणस्वास्थ्य केंद्रा'त ग्रामीण आरोग्यसेविकांची जी पद्धत विकसित झाली, तिची मुळे या अनुभवात आहेत.

निष्कर्ष :
वरील विवेचनातून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, सेवाभावाला नेमके काम व त्याची सोपी पद्धती मिळाली, तरच त्याचे रूपांतर प्राण वाचविणाऱ्या कार्यात होते. दुसरी, निर्वासित हे केवळ मदतीचे लाभार्थी नसतात; बनगावात तेच आपल्या माणसांचे शुश्रूषक झाले. तिसरी, स्वयंसेवा ही तज्ज्ञता व शासकीय यंत्रणा यांना पर्याय ठरत नाही. द्रावणाचे प्रमाण ठरविणारा वैद्य आणि साहित्याचा पुरवठा यांवाचून नातेवाइकांचे श्रम निष्फळ ठरले असते. राष्ट्रीय सेवा योजनेसारख्या उपक्रमांतून विद्यार्थ्यांना आपत्तीच्या ठिकाणी पाठविताना उत्साहाइतकाच पूर्वप्रशिक्षणाचा विचार का आवश्यक आहे, हे या अनुभवावरून ध्यानात येते.