'इगर्ज' म्हणजे इमारत की माणसं?
2020 च्या लॉकडाऊनमध्ये चर्चची दारं बंद होती, मिस्सा मोबाइलवर. मग इगर्ज बंद होती का? मूळ अर्थाने, नाही!

गोव्यापासून मालवणपर्यंत कोंकणी ख्रिस्ती घरांत चर्चला 'इगर्ज' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज 'इग्रेजा'वरून आला, तो लॅटिनमधून, आणि लॅटिनने घेतला ग्रीक 'एक्लेसिया'. अथेन्समध्ये एक्लेसिया म्हणजे नागरिकांची सभा. बायबलच्या नव्या करारातही इमारत नाहीच. सुरुवातीचे ख्रिस्ती बहुतेकदा घरांत जमायचे. गंमत म्हणजे 'प्रेषितांची कृत्ये' 19 मध्ये इफिसात गोंधळ घालणाऱ्या जमावालाही हाच शब्द वापरलाय. इमारतीला हे नाव नंतर चिकटलं.

मराठी बायबलमध्ये ख्रिस्ती एक्लेसियासाठी 'मंडळी' आहे. भजनी मंडळींच्या सिंधुदुर्गात तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.