धूमकेतू खरंच गातो का?

परवा आमच्या दहा वर्षांच्या कन्येने संगणकावर एका धूमकेतूचे 'गाणे' ऐकवले. मी डॉक्टरेटच्या तोऱ्यात म्हणालो, "अगं, अवकाशात हवा नाही, मग आवाज कुठला? सगळं खोटं!" ती हिरमुसली. रात्री जरा वाचन केले, तेव्हा कळले की माझे उत्तर अर्धवट होते.

युरोपीय अवकाश संस्थेचे रोझेटा यान ऑगस्ट २०१४ मध्ये ६७पी चुर्युमोव्ह-गेरासिमेन्को या धूमकेतूपाशी पोचले. तिथले चुंबकीय क्षेत्र दर २०-२५ सेकंदांना एकदा हेलकावे खाते, असे यानावरच्या चुंबकमापकाने टिपले. म्हणजे वारंवारता ४० ते ५० मिलिहर्ट्झ. आपल्या कानाला २० हर्ट्झच्या खालचे ऐकू येत नाही, म्हणून ती सुमारे १०,००० पट वाढवून ऐकवली गेली.

हे हेलकावे येतात कुठून? उन्हाने धूमकेतूवरच्या बर्फाची वाफ होते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण त्या वाफेच्या रेणूतला इलेक्ट्रॉन उडवतात आणि रेणूचा आयन होतो. सेकंदाला शेकडो किलोमीटर धावणारा सौरवारा या आयनाला ओढून घेतो. धावत्या लोकलमध्ये कुणाला हात धरून वर ओढावे आणि दारातली सगळी गर्दी हलावी, तसे हे. त्या हालण्यातून प्लाझ्मा लहरी उठतात.

सप्टेंबर १९८५ मध्ये 'आइस' हे यान जियाकोबिनी-झिनर धूमकेतूच्या शेपटीतून गेले. तेव्हा सुमारे १०० सेकंदांच्या लहरी आढळल्या होत्या. पाण्याचे आयन चुंबकीय रेषांभोवती ज्या गतीने गिरक्या घेतात, तिच्याशी त्यांचा मेळ बसला. ६७पीपाशी मात्र लहरी या हिशेबापेक्षा कितीतरी जलद निघाल्या! तेव्हा हा धूमकेतू सूर्यापासून दूर होता, वाफ थोडी होती. एक गिरकी पुरी करायला आयनाला हजारो किलोमीटर लागतात, तेवढी जागाच तिथे नव्हती. गिरकी अर्धवट राहिलेले आयन चुंबकीय रेषांना आडवे वाहतात, म्हणजे विद्युतप्रवाहच तयार होतो. तो प्रवाह अस्थिर होऊन या लहरी उठल्या, असे शास्त्रज्ञांनी अनुमान काढले.

सकाळी कन्येला म्हटले, "आवाज माणसांनी दिलाय, पण हेलकावे धूमकेतूचेच."

"मग बाबा, काल तू न विचारताच खोटं का म्हणालास?"

मंडळी, या प्रश्नापुढे डॉक्टरेट कामाला आली नाही.